बिनशेपटीचा हत्ती

घरात नवं नाणं आलं की शरयूबाई आधी हातातल्या बांगड्या काढत. मग साबणाने कोपरापर्यंत हात धूत, टेबलावर जुन्या मऊ साडीची चौपदरी घडी अंथरत, मोबाईल आतल्या खोलीत नेऊन उशीखाली दाबत आणि दाराला कडी लावत. शेजारणी म्हणत, बाईंचं सोवळं सुरू झालं. एकदा त्या एकीला तोंडावर म्हणाल्या होत्या, "तुम्ही देवाला न्हाऊ घालताना टीव्ही बघता, मी नाण्याला हात लावताना फोनसुद्धा घेत नाही. सोवळं कुणाचं खरं ते तुम्हीच ठरवा." तेव्हापासून त्या घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. बाईंना त्याचं सुखदुःख नव्हतं.

सातारच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. त्यांचा राग गावाला ठाऊक होता. पण उगाच चिडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. खोटं दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. आता खोटं काय, घराबाहेर पाऊल टाकलं की दिसतंच, त्यामुळे बाईंचं डोकं बरेचदा फिरलेलं असे, हा त्यांचा दोष म्हणायचा की जगाचा?

नाण्यांच्या बाबतीत मात्र त्या रागावर विसंबत नसत, रीतीवर विसंबत. आधी नुसतं बघायचं. भिंग नाही, काटा नाही. पाहुणा उंबऱ्यात उभा असताना त्याला कुणी पगार विचारत नाही. मग वजन करायचं, तेही दोनदा. मग भिंग घेऊन कडा बघायची. चेहऱ्याला पावडर सगळेच लावतात, नाणं ओळखायचं ते कडेवरून, असं त्या म्हणत. कडा पसंत पडली की पेटीतून त्याच घराण्याची जुनी नाणी काढून नव्याला त्यांच्या पंगतीला बसवायचं, कोण कुणासारखं दिसतं ते बघायचं. शेवटी एका छोट्या पाकिटावर नाव, गाव, वजन लिहून नाणं आत ठेवायचं आणि पुन्हा हात धुवायचे. शिशाचं नाणं असलं तर दोनदा, कारण शिसं पोटात गेलेलं वाईट.

या रीतीतून कुणाची सुटका नव्हती. सख्ख्या भावाने वाईच्या घरातले जुने शिवराई पैसे आणून दिले, तेही बाईंनी त्याच्यादेखत काट्यावर चढवले होते. भाऊ आठ दिवस बोलत नव्हता. सुटका होती ती फक्त एकाची, सांगलीच्या हंबीररावांची.

हंबीरराव मूळचे कडेगावचे. फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि उसाच्या शेतीत जीव रमेना म्हणून विश्रामबागेत घर बांधून राहिले. नाण्यांचा नाद त्यांना बाईंइतकाच जुना. सांगलीत नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं, त्यात सगळे पुरुष आणि एकट्या शरयूबाई. मंडळाची एक म्हण होती: अनोळख्याला काटा, ओळखीच्याला चहा. म्हणजे बाहेरून आलेलं नाणं तोलून घ्यायचं, पण आपल्या माणसाने दिलेलं किंवा परत केलेलं नाणं त्याच्यासमोर तोलायचं नाही. तो अपमान. बाईंना ही म्हण मुळीच पटत नव्हती. पण एकदा त्या हंबीररावांनी दिलेलं नाणं काट्यावर ठेवायला गेल्या, तेव्हा त्या धिप्पाड माणसाचा चेहरा एवढासा झाला. "ताई, माझ्यासमोर तोलू नगासा," ते म्हणाले. "नाणं न्हाई, मानूस तोलल्यागत वाटतंय." बाईंनी काटा मिटला. पुढे त्यांच्याकडून आलेलं काहीही त्यांनी कधी तोललं नाही, त्यांच्यासमोरही नाही आणि मागेही नाही.

हंबीररावांसाठी रीत मोडायला कारणही तसंच होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेत, ताईत आणि अंगठ्या विकणाऱ्या एकाच्या पथारीवर बाईंना शिशाचा एक मळकट तुकडा सापडला. त्या तो घेऊन मंडळात गेल्या, तर अख्खं मंडळ हसलं. एक जण म्हणाला, कोळ्याच्या जाळ्याचं शिसं आहे, बाई, कृष्णेत टाका आणि मासे धरा. बाईंच्या कानशिलात आग उसळली होती. तेवढ्यात कोपऱ्यातून हंबीरराव उठले, भिंग घेतलं, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "गप बसा रं. हत्ती हाय ह्यो. सातवाहनांचा. शेपूट तेवढं न्हाई." खरंच, एका बाजूला सोंड उचललेला हत्ती होता आणि ठसा सरकल्यामुळे त्याची शेपटी नाण्याबाहेर राहिली होती. दुसऱ्या बाजूला अधिकचिन्ह आणि त्याच्या चार टोकांना चार गोल. तेव्हापासून मंडळ बाईंना मान देऊ लागलं. लोकांत हत्ती जातो आणि शेपूट राहतं, बाईंच्यात शेपूट गेलं आणि हत्ती राहिला, अशी थट्टाही होई. ती बाईंना आवडायची. त्यांच्या पेटीत याहून देखणी आणि महाग नाणी होती, पण जीव होता तो या बिनशेपटीच्या हत्तीवर.

तर एका सकाळी रसूल आला. रसूल साताऱ्यातला जुन्या तांब्यापितळेचा आणि भंगाराचा व्यापारी. त्याची समीना बाईंच्या हाताखालून शिकून नर्स झाली होती, म्हणून मालात काही गोल आणि जुनं निघालं की तो आधी बाईंचं दार वाजवायचा.

"सांगलीस्न माल आलाय, बाई," तो पायरीवर बसत म्हणाला. "एका सायबाचा बंगला रिकामा केला त्येच्या पोरानं. आवं, पोत्यानं ढाली, तलवारी, गदा, समया. आख्खी हयात सत्कार घेन्यात गेली मानसाची, आन् पोरानं सगळं किलोवर घातलं. काय फ्रेमा तर कागदातनं काढल्याल्याबी न्हवत्या."

"मग मला काय, गदा आणलीस?"

"न्हाई वं." रसूलने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. "एका फ्रेमीत मखमलीवर ह्यो चिकटवल्याला. काच फुटली, पितळंची पट्टी पितळंत गेली. ह्यो तेवढा तुमास्नी दाखवावा म्हटलं. पैशाचं मागनं बघू."

बाईंनी पुरचुंडी न उघडता घेतली. रसूल गेला. बांगड्या उतरल्या, हात धुतले, साडीची घडी पसरली, फोन उशीखाली गेला, दाराला कडी लागली. मग त्यांनी रुमाल सोडला आणि रीतीप्रमाणे नुसतं बघितलं.

हत्ती होता. सोंड उचललेली. शेपटी नव्हती.

पहिल्यांदा त्यांना आनंदच झाला, दुसरा मिळाला म्हणून. पण तो आनंद भिंग उचलेपर्यंतसुद्धा टिकला नाही. वर्गात मुलींना समजावावं तसं त्यांनी स्वतःला समजावलं. त्या काळी नाणं हाताने पाडायचे. ठशावर धातूचा तुकडा ठेवायचा आणि वरून हातोडा घालायचा. त्यामुळे एका ठशाची नाणी बहिणी-बहिणी असतात, जुळ्या कधीच नसतात. एकीची शेपटी बाहेर राहील, दुसरीची सोंड. त्यातून वापराची झीज आणखी निराळी. आणि इथे शेपटी नेमकी तिथेच तुटली होती. हत्तीच्या पोटाखाली मोहरीएवढा खळगा होता, तोही त्यांच्याच हत्तीचा. कडेला कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी छिन्नीने घातलेली खाच होती, तीही त्याचीच.

अशी दोन नाणी जगात असूच शकत नव्हती. एक दुसऱ्यावरून साचा काढून ओतलेलं असणार, यात शंका नव्हती.

त्यांनी पेटीतून आपला हत्ती काढून शेजारी ठेवला. दोघे सोंडा वर करून उभे राहिले. आणि मग शरयूबाईंनी जन्मात कधी मागितलं नव्हतं ते मागितलं. देवा, हे रसूलचं खोटं असू दे. खोट्यासाठी उभ्या आयुष्यात त्यांनी हात जोडले नव्हते, ते आज जोडले, आणि त्याचाही त्यांना राग आला.

रसूलचं नाणं त्यांनी काट्यावर ठेवलं. आपल्या हत्तीचं वजन त्यांना स्वतःच्या जन्मतारखेसारखं पाठ होतं. तेच आलं. उचलून पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. मग आपल्या पेटीतलं ठेवलं. ते कमी भरलं. थोडंथोडकं नव्हे, हाताला कळावं इतकं कमी. भिंगाखाली त्याची कडा बघितली तर सगळ्या कडेने कानस फिरवल्याच्या बारीक रेषा होत्या आणि खाचेचे ओठ गोल, गुळगुळीत, साबणाच्या वडीवर असावेत तसे. आंधळ्यालाही कळलं असतं. मग आपल्याला का कळलं नाही? कारण आपण बघितलंच नव्हतं.

पेटीतून हत्ती घराबाहेर गेला होता तो एकदाच. दोन वर्षांपूर्वी सांगलीला मंडळाचं प्रदर्शन होतं, तेव्हा हंबीररावांनी तो मागून नेला होता आणि स्वतः साताऱ्याला येऊन परत दिला होता. डबी उघडून दाखवायला लागले, तर बाईच म्हणाल्या होत्या, "अहो, दाखवता काय? ठेवा तिकडे. चहा टाकते." आपल्याच तोंडाने म्हणाल्या होत्या. बाईंनी टेबलावर मूठ आपटली, तशी दोन्ही नाणी साडीवर उडाली.

आणि तेवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. त्यांना मुकुल आठवला.

मुकुल हा पुण्यात सातवाहनांच्या नाण्यांवर अभ्यास करणारा पोरगा. अजून मिशीसुद्धा धड नाही, पण नजर तयार. गेल्या वर्षी तो बाईंचा हत्ती बघायला मुद्दाम साताऱ्याला आला होता. नाणं हातात घेतलं, उलटसुलट फिरवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाई, रागावू नका, पण हे ओतीव वाटतंय. एकदा तोलून बघू या का?" बाईंनी त्याला पुढचं बोलू दिलं नव्हतं. माझ्या घरात येऊन माझ्याच हत्तीला खोटं म्हणतोस? ऊठ. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला आणि दारात चप्पल घालताना दोनदा माफी मागितली. बाईंनी एवढ्यावर सोडलं नाही. मंडळात त्याचं व्याख्यान ठरलं होतं, ते त्यांनी फोन करून करून रद्द करायला लावलं. आणि सगळ्यात पहिला फोन कुणाला? हंबीररावांना. ते पलीकडून म्हणाले होते, "ब्येस केलंसा, ताई. आजकालच्या पोरास्नी काय कळतंय."

ते वाक्य आता त्यांना जसंच्या तसं ऐकू आलं. माणसाने चोरी केली, समजण्यासारखं आहे. पण त्याची चोरी ओळखणाऱ्या एकुलत्या एका माणसाला आपण घराबाहेर काढतो आहोत आणि चोर फोनवर शाबासकी देतो आहे! पाणी प्यायला उठल्या तर हातातला तांब्या निसटला. तो उचलायलाही त्या थांबल्या नाहीत.

बांगड्या चढवून, दोन डब्या, काटा, भिंग, एक स्वच्छ पंचा आणि उशीखालचा फोन पिशवीत टाकून त्या स्टँडवर गेल्या. सांगलीला जाताना स्टँडजवळून हंबीररावांसाठी कंदी पेढे घ्यायचे, हा इतक्या वर्षांचा नेम. दुकानदाराने त्यांना बघून सवयीने खोकं काढलं. बाई पुढे निघून गेल्या.

एसटीत शेजारच्या बाईने कुठं निघालासा म्हणून विचारलं. शरयूबाईंनी "सांगलीला" एवढंच अशा आवाजात सांगितलं की कराड येईपर्यंत ती बाई खिडकीकडे तोंड करून बसली. पेठ नाक्याला गाडी थांबली, लोक उतरले, चहा पिऊन चढले. बाई जागच्या हलल्या नाहीत. सगळी वाट त्या एकच शोधत होत्या, हंबीररावांना तोडून टाकील असा शब्द. मराठीत शिव्यांना तोटा नाही आणि साताऱ्यात तर नाहीच नाही, पण मनाजोगता एकही सापडेना. प्रत्येक शब्द या माणसाला कमीच पडत होता.

विश्रामबागेतल्या घराचं दार अंकिताने, हंबीररावांच्या सुनेने उघडलं. "बाई, तुम्ही? आत या ना. मामांना किती आनंद होईल," ती म्हणाली. मामा म्हणजे सासरे. ते व्हरांड्यातल्या खुर्चीत पेपर वाचत होते. उठून उभे राहिले, हसले.

"आवं ताई, फोन तरी करायचा. इस्वजीतला स्टँडवर धाडला असता गाडी घिऊन. अंकिता, च्या टाक. भडंगबी आन."

बाई बसल्या. टीपॉयवरचा पेपर बाजूला सारून त्यांनी दोन डब्या उघडल्या आणि दोन हत्ती शेजारी शेजारी ठेवले.

हंबीररावांनी बघितलं. भिंग त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच असे, बाराही महिने. त्या खिशाकडे हात गेला नाही. नाणं पुढ्यात आलं आणि हंबीररावांनी भिंग काढलं नाही, असं बाई आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या. खरं म्हणजे उत्तर तिथेच मिळालं होतं, पण त्यांना ते तोंडून हवं होतं.

"माझं कुठलं?" त्यांनी विचारलं.

हंबीरराव खाली बसले. त्यांनी एक बोट पुढे केलं आणि रसूलच्या नाण्याजवळ टेकवलं. "ह्ये."

"आणि हे दुसरं कुणी केलं?"

"मीच. शिसं वितळायला काय लागतंय." "तुमास्नी कुठनं घावलं, ताई?"

"भंगारात. ढाली-तलवारींबरोबर. किलोवर."

हंबीररावांनी डोळे मिटले. मग एकेक सांगितलं. त्यांचा मुलगा विश्वजीत साखर कारखान्यात तात्पुरता होता, वर्षामागून वर्षं. कारखान्याच्या चेअरमन साहेबाच्या मनात आलं तर तो कायम होणार. साहेबाला जुन्या वस्तूंची आवड आहे, असं कुणीतरी कानात सांगितलं. वाढदिवसाला लोक तलवारी देणार, गदा देणार. आपण असं काहीतरी द्यावं की सगळ्या जिल्ह्यात कुणी दिलं नसेल. प्रदर्शन झालं होतं. हत्ती घरातच होता.

"तुमची स्वतःची नाणी होती की," बाई म्हणाल्या. "ती का नाही दिलीत?"

हंबीररावांनी बाजूचा पेपर उचलला, त्याची घडी केली आणि पुन्हा उलगडली.

"बरं, मग झाला विश्वजीत कायम?"

"न्हाई. त्येनं फ्रेम उघडलीबी न्हाई, ताई. हातात घेतली, फोटो काढला आन् मागच्या मानसाकडं दिली. पोरगं अजून टेंपरवारीच हाय."

बाईंना हसू आलं, आणि ते इतकं कडवट होतं की दारात आलेली अंकिता चहाचा ट्रे घेऊन तिथेच थांबली.

"माझ्याकडे मागितलं का नाहीत?"

"तुमी दिलं असतंसा?"

"नसतं दिलं. तोंडावर नाही म्हटलं असतं. तुम्ही दोन महिने रुसला असता, आणि मग पुन्हा साताऱ्याला आला असता." बाईंचा आवाज चढला. "इतकं सोपं होतं हो ते, हंबीरराव. मंडळ मला हसलं तेव्हा तुम्ही एकटे उठलात, म्हणून तुमच्यापुरती मी माझी रीत मोडली. भावासाठी मोडली नव्हती. आणि तुम्हाला कुठून चोरायचं ते बरोबर कळलं. मी जिथे काटा लावत नाही, तिथूनच."

"चुकलं, ताई."

"नाणं परत आलं. त्याचं मी काही म्हणत नाही. मुकुलचं काय?"

हंबीररावांनी मान खाली घातली.

"तो पोरगा खरं बोलला आणि मी त्याला कुत्र्यासारखं हाकललं. तुम्हाला माहीत होतं तो खरा आहे. मी फोन केला तेव्हा तुम्ही काय म्हणालात? ब्येस केलंसा. शब्द आठवतोय मला." बाईंनी पिशवीतून फोन काढला. "आता त्याला सांगा. तुमच्या तोंडाने."

"ताई, ही गोष्ट मंडळात गेली तर मला तोंड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाई. ह्या वयात."

"त्याला त्याच्या वयात राहिली होती का?"

त्यांनी नंबर लावला. मुकुलने लगेच उचलला, आणि त्याच्या "बाई?" या एका शब्दात इतकी भीती होती की शरयूबाईंना स्वतःचीच चीड आली. "मुकुल," त्या म्हणाल्या, "तू बरोबर होतास. ते नाणं ओतीवच होतं. मी तुझं ऐकून घ्यायला हवं होतं, तोलायला हवं होतं. माझं चुकलं. ते खोटं कसं झालं, ते तुला हे सांगतील." आणि फोन त्यांनी हंबीररावांच्या हातात दिला.

हंबीररावांनी तो कानाला लावला. पलीकडून मुकुल "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?" म्हणत होता, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. सीमेवर बर्फात उभा राहिलेला माणूस तो. त्याच्या ओठांची हालचाल झाली, शब्द निघाला नाही. त्याने फोन हळूच टीपॉयवर ठेवला.

बाईंनी उचलला. "त्यांच्याने बोलवत नाही," त्या म्हणाल्या. "मीच सांगते." आणि हंबीररावांकडे बघत त्यांनी काहीही न वगळता आणि काहीही न वाढवता सगळं सांगितलं. व्याख्यान होईल, मी स्वतः पहिल्या रांगेत बसेन, असंही सांगितलं. एकेक वाक्य हंबीररावांना बसून ऐकावं लागलं. अंकितानेही ऐकलं. तिने ट्रे टीपॉयवर ठेवला आणि सासऱ्यांकडे न बघता भिंतीला टेकून उभी राहिली.

फोन बंद झाल्यावर हंबीरराव उठून आत गेले आणि एक छोटी लाकडी डबी घेऊन आले. बाईंनी डबी ओळखली. आत क्षत्रप राजाचं जुनं चांदीचं नाणं होतं. राजाचा मुखडा इतका स्वच्छ की मिशीचा पीळ दिसावा. मंडळात सगळ्यांचा त्यावर डोळा होता आणि बाईंचा तर किती वर्षं! हे नाणं हंबीररावांनी कधी कुणाच्या हातात दिलं नव्हतं. साहेबालाही दिलं नव्हतं.

"ह्ये घ्या, ताई," त्यांनी डबी पुढे केली. "माझ्याकडं ह्येच्यापरीस चांगलं कायबी न्हाई. पदरात घ्या आन् मिटवा."

बाईंनी डबी घेतली. हंबीररावांनी सुटकेचा श्वास टाकला.

मग शरयूबाईंनी हातातल्या बांगड्या काढल्या आणि टीपॉयच्या कोपऱ्यावर ठेवल्या. अंकिताला म्हणाल्या, "हात धुवायला पाणी दे गं." हात धुऊन आल्या, पिशवीतला पंचा काढला, त्याची चौपदरी घडी पसरली. फोन उचलून पिशवीत तळाशी दाबला. काटा काढून घडीवर ठेवला.

हंबीररावांना आता कळलं. "ताई, नगा," ते म्हणाले. "शिव्या घाला. मुस्काटात मारा. माझ्यासमोर तोलू नगा."

बाईंनी आधी नुसतं बघितलं, पुष्कळ वेळ. मग नाणं काट्यावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मग भिंग घेऊन कडा बघितली, सावकाश, सगळीकडून, स्टँडवर भेटलेल्या कुणा परक्या माणसाचं नाणं बघावं तशी. सगळ्या एसटीत न सापडलेला शब्द त्यांना शोधावा लागलाच नाही. हंबीररावांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. बाईंचा राग तसूभर कमी झाला नाही. उलट या माणसाने आपल्याकडून हे करवून घेतलं, म्हणून तो वाढला.

"खरं आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "वजन बरोबर. कडा स्वच्छ." नाणं डबीत ठेवून त्यांनी डबी हंबीररावांच्या पुढ्यात सरकवली. तिच्याशेजारी तो ओतीव हत्ती सरकवला. "ही दोन्ही तुमची."

त्यांनी आपला हत्ती डबीत बंद केला, काटा मिटला, पंच्याची घडी केली, बांगड्या चढवल्या आणि उठल्या. हंबीरराव दारापर्यंत मागोमाग आले. टीपॉयवर दोन कप होते आणि दोन्हींवर साय धरली होती.

"च्या तरी घ्या, ताई," ते म्हणाले. "उनातनं आलासा."

शरयूबाई चप्पल घालायला वाकल्या होत्या. सरळ झाल्या आणि त्यांच्याकडे बघितलं.

"चहा ओळखीच्याला असतो, हंबीरराव," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.